ओला की सुका?

गेली पंधरा वर्षे आमचे न्हाणीघर दर रविवारी दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत माझ्या ताब्यात असते, आणि त्या अवधीत ज्या कोणास स्नानाची अथवा अन्य निकडीची वासना होईल त्याने ती आवरून धरावी, असा अलिखित हुकूम घरात जारी आहे. या लाल दिव्याच्या संस्थानात मी कृष्णधवल छायाचित्रे छापतो व वापरलेला हायपो मोरीत ओतून देतो. किंबहुना देत असे, कारण रसायनशास्त्र शिकलेल्या भाच्याने एकदा सांगितले की, कागदावरील ज्या रौप्यक्षारांना प्रकाश लागलेला नसतो ते विरघळवून घेण्याचा धर्मच हायपोच्या ठायी असल्यामुळे (हर्शेलने तो १८१९ सालीच हेरला होता), 'मामा, तुम्ही दर रविवारी गटारात चांदी घालता, आणि ती सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंच्या जिवावर उठते!'

जिवाणूंबद्दल वाईट वाटलेच. पण खोटे कशाला बोला, चांदीबद्दल अधिक वाटले.

लोखंड द्रावणात उतरते आणि त्याच्या मोबदल्यात चांदी तळाशी बसते, हे शास्त्र ऐकून मी हायपोच्या बरणीत स्वयंपाकघरातील तारेची घासणी सोडली. आठवड्याने ती पूर्वीपेक्षा लखलखीत निघाली. स्टेनलेस स्टील हायपोला दाद देत नाही हे ज्ञान मला, आणि भांडी कशाने घासावी हा प्रश्न पत्नीला, एकाच मुहूर्तावर प्राप्त झाला.

बरण्या वाढत चालल्या, तेव्हा मी पालिकेच्या कचेरीत गेलो. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत जुन्या बॅटऱ्या, मुदत सरलेली औषधे, फुटलेले थर्मामीटर अशा घातक घरगुती कचऱ्याची निराळी तजवीज आहे, हे मी अदबीने निवेदन केले.

"ओला की सुका?" कारकुनाने मान वर न करता विचारले.

"द्रव आहे."

"म्हणजे ओला."

"पण त्याचे खत होणार नाही."

"मग सुका!" असे म्हणून त्याने दप्तर मिटले.

अखेर फिल्मवरच एक्स-रे काढणारा एक जुन्या वळणाचा दवाखाना सापडला. तेथील हायपोचे पिंप चांदी काढणारा इसम नियमाने नेतो. माझ्या बरण्या त्यात रिकाम्या झाल्या व हातावर वीस रुपये पडले. ते मी इमानेइतबारे पत्नीच्या स्वाधीन केले, आणि पंधरा वर्षांत प्रथमच, रविवारी बाराच्या ठोक्याला, न्हाणीघराच्या दारातून प्रश्न आला, "आज फोटो नाही का छापायचे?"