डुक्कर दोषी, कंत्राट निर्दोष

एप्रिल २००९ मध्ये इजिप्तच्या सरकारने देशातल्या सुमारे तीन लाख डुकरांना देहदंड फर्मावला. आरोप स्वाइन फ्लूचा. त्या दिवशी देशात या तापाचा एकही रुग्ण नव्हता. रुग्ण मिळण्याआधी आरोपी हुडकून काढणे ही प्रशासकीय तत्परतेची कमालच म्हणायची. हा विषाणू माणसाकडून माणसाकडे जातो, डुकरे मारून काही साधणार नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. सरकारने ते ऐकून घेतले आणि सुरी चालवली. जूनच्या सुरुवातीला पहिला रुग्ण सापडला, तो अमेरिकेहून विमानाने आलेला. विमानांची कत्तल झाल्याची नोंद मात्र कुठे नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ही आपली म्हण कैरोत कोणाला ठाऊक नसावी. तिची अंमलबजावणी तेवढी चोख झाली.

ही डुकरे कोणाची होती, हे पाहिले की खटल्याचा खरा विषय कळतो. कैरोत मुकत्तम टेकडीच्या पायथ्याशी मनशियत नासर ही वस्ती आहे. तिथे झब्बालीन, म्हणजे शहराचे कचरेवाले, राहतात. बहुतेक कॉप्टिक ख्रिस्ती; त्यांचे वाडवडील १९४० च्या दशकात दक्षिणेकडच्या खेड्यांतून पोटासाठी शहरात आले. इमारतींचे जिने चढून दारातून कचरा आणायचा, वस्तीत नेऊन निवडायचा, कागद, काच, प्लास्टिक, धातू, चिंध्या वेगळ्या करून विकायच्या आणि खरकटे डुकरांपुढे टाकायचे, असा हा धंदा. आणलेल्या कचऱ्यापैकी सुमारे ८० टक्के माल ते पुन्हा वापरात आणतात, असा अंदाज वारंवार दिला गेला आहे. एवढ्या कामासाठी ना निविदा निघाली, ना कोनशिला बसली, ना फीत कापली गेली. ज्या कामाला फीतच नाही ते काम चालू आहे, हे कोणत्या मंत्र्याच्या लक्षात यावे?

म्हणून २००३ मध्ये कैरोने आधुनिक व्हायचे ठरवले. स्पॅनिश आणि इटालियन कंपन्यांना पंधरा वर्षांची कंत्राटे दिली गेली आणि सफाईचे शुल्क घरोघरच्या विजेच्या बिलात चढले. कंत्राटात पुनर्वापराची अट होती २० टक्क्यांची. उरलेला कचरा खुशाल पुरावा. ८० टक्के वाचवणारे मागासलेले आणि ८० टक्के गाडायची मुभा असलेले प्रगत, हे गणित मांडायला नक्कीच उच्चशिक्षित सल्लागार लागले असतील. कंपन्यांचे अवजड ट्रक जुन्या गल्ल्यांत शिरेनात. तेव्हा नागरिकांनीच जिने उतरून कोपऱ्यावरच्या कुंडीपर्यंत चालावे, असे ठरले. अनेक ठिकाणी त्या कुंड्याच चोरीला गेल्या. शेवटी लोक विजेच्या बिलात कंपनीला पैसे देत राहिले आणि दारात येणाऱ्या जुन्या कचरेवाल्यालाही. एकाला कचरा न उचलण्याचे, दुसऱ्याला उचलण्याचे. काही कंपन्यांनी तर झब्बालीनांनाच तुटपुंज्या पैशांत उपकंत्राटे दिली. परदेशी तंत्रज्ञान ते हेच.

आता दुसऱ्या बाजूचे ऐकायला हवे, कारण ती अगदीच पोकळ नाही. माणसे झोपतात तिथेच डुकरे पाळणे आणि लहान मुलांनी हाताने कचरा निवडणे, त्यात इस्पितळातल्या सुयाही येणार, याला कोणी आदर्श म्हणणार नाही. झब्बालीन शहराचा सगळा कचरा उचलत नव्हते, हेही खरे; त्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश धरला जातो. गरीब वस्त्यांच्या कचऱ्यात विकण्याजोगे फारसे नसते आणि तिथले लोक पैसेही देऊ शकत नाहीत, म्हणून तिकडे त्यांची फेरी क्वचितच होई. कंपन्यांचीही रड होती, की सरकार बिले थकवते आणि दंड मात्र वेळेवर कापते. हे सारे मान्य. पण यातून निष्कर्ष काय निघतो? हातमोजे द्या, लस टोचा, मुलांना शाळेत घाला, निवडण्याच्या शेड वस्तीबाहेर बांधा, घरातच ओला-सुका वेगळा करायला लावा आणि जिथे फेरी परवडत नाही तिथे अनुदान द्या. यातल्या एकाही वाक्याचा शेवट ‘म्हणून डुकरे मारा’ असा होत नाही. पुढे सरकारी बाजूनेही सूर बदलला: फ्लू राहू द्या, अस्ताव्यस्त डुक्करपालनाला शिस्त लावायची होती. प्राणी संपवून पालनाला शिस्त लावण्याची ही पद्धत निदान निर्विवाद तरी आहे.

शिक्षा झाली ती शहराला. डुकरे गेल्यावर ओला कचरा खाणारे कोणी उरले नाही. तो नेऊन झब्बालीनांना काडीचा फायदा नव्हता आणि कंपन्यांना त्याचे काय करायचे ते उमगत नव्हते. काही महिन्यांत रस्त्यारस्त्यांवर कुजणारे ढीग दिसू लागले. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या मुहम्मद मुर्सी यांनी पहिल्या शंभर दिवसांत सोडवायच्या पाच प्रश्नांत वाहतूक, सुरक्षा, पाव आणि इंधन यांच्या जोडीला स्वच्छतेला बसवले होते. शंभर दिवस संपले, वर्षभरात त्यांची सत्ताही गेली. कचरा मात्र पूर्ण मुदत भोगून पुढच्या सरकारकडे हस्तांतरित झाला.

मुळात कैरोच्या कारभाऱ्यांना कचऱ्याचा प्रश्न कधी पडलाच नव्हता. त्यांना पडला होता तो कचऱ्यासोबत दिसणाऱ्या माणसांचा. गाढवगाडी दिसते, डुक्कर दिसते, पाठीवर पोते घेतलेला पोरगा दिसतो, म्हणून ते हटवायचे. वाळवंटात पुरलेला ढीग दिसत नाही, म्हणून त्याला व्यवस्थापन म्हणायचे. यावर उपाय फारसा खर्चिक नाही. पुढच्या कंत्राटाचे पैसे किती ट्रक फिरले, किती गणवेश शिवले यावर न देता, किती कचरा पुरावा लागला नाही यावर द्यावेत. ही एक अट छापली, की निविदा भरायला कोणती बडी कंपनी येते आणि मुकत्तमच्या पायथ्याशी किती अर्ज खपतात, ते सरकारने स्वतःच मोजावे.