गव्हाणीत मावेना ऊस

कसबा बावड्यातल्या आमच्या घरात दुधाची वेळ संगणक ठरवतो. सकाळी मी बटण दाबतो, किटली उचलतो आणि भगव्या चौकापर्यंत जाऊन येतो. वाटेत चौघं भेटतात, चौघांशी बोलणं होतं. परत येतो तोवर पडद्यावरचं ते गोल चक्र फिरतच असतं. हिचं म्हणणं, "तुम्ही दोघं एकदमच थकलात."

हा गडी 2012 चा. 2019 च्या महापुरात पंचगंगा गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा मी आधी ह्याला खांद्यावर टाकून माडीवर नेलं, मग सासऱ्यांचा फोटो. हा क्रम ही अजून विसरलेली नाही.

दुरुस्तीवाल्यानं झाकणही न उघडता निकाल दिला, "ह्यात दम ऱ्हायला न्हाई. नवीन घ्या." त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा आधार काढून घेतला, आणि विंडोज 11 ह्या वयाच्या प्रोसेसरला उंबराच ओलांडू देत नाही.

शेवटी शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा आला.

"काका, कारखान्याची गव्हाण बघितलायसा न्हवं? चार जीबी रॅम म्हंजे ती गव्हाण. तुमी एक पान उघडलं की धा ट्रॉल्या येत्यात. गव्हाण भरली की ऊस यार्डात उतरायचा, लागंल तसा परत उचलून आणायचा. यार्ड म्हंजे ही हार्ड डिस्क. तिच्या तबकडीवर सुई हिकडनं तिकडं पळत बसत्या."

"पण पूर्वी पळायचा की रे हा!"

"तवा ऊस कमी हुता."

माझी ट्यूब पेटली. विंडोज 95 चं 4 एमबी रॅमवर भागायचं, विंडोज 11 ला किमान 4 जीबी लागते. हजारपट! मी मात्र तेव्हाही गल्लीच्या मंडळाची वर्गणीची यादी करत होतो, आताही तीच करतो. नावंसुद्धा वाढली नाहीत, उलट पाच-सहा गळाली. पास्कल भाषा रचणाऱ्या निकलाउस विर्थ यांनी 1995 सालीच लिहून ठेवलंय, की यंत्राचा वेग वाढतो त्याहून झपाट्यानं सॉफ्टवेअर मंदावतं. म्हणजे पैलवानाच्या पाठीवर दरसाल एकेक पोतं चढवायचं आणि वर म्हणायचं, गडी म्हातारा झाला!

पोरानं हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. तिच्यात सुईच नाही, मग पळापळ कसली? वर एक हलकंसं लिनक्स चढवलं. मजुरी म्हणून एक मिसळ, जादा कट.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि किटलीसाठी वाकलो. कंबर सरळ होईतो यादी समोर उघडायला तयार. मी हरखून खुर्चीतच बसलो, दोन वर्षांची थकबाकी काढली.

नऊच्या सुमारास आतून आवाज आला, "आज संगणक बंदच ठेवलाय वाटतं? दूध आलं नाही ते!"