शेवटचं बोला

आजच्या माणसाला विचारलं, ‘तुमच्या घरात काय काय आहे?’ तर तो आठवत बसतो. माळ्यावरच्या खोक्यांत काय आहे हे त्याला खोकी बदलायच्या वेळीच कळतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माळशिरस तालुक्यातल्या एखाद्या बाईला हाच प्रश्न केला असता, तर तिनं एका दमात यादी म्हणून दाखवली असती: जातं, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, काठवट, तवा, दोन घागरी, एक हंडा, चार पितळ्या, चार तांबे, मडक्यांची उतरंड, शिंकं, सूप, केरसुणी, बाज, दोन घोंगडी, वाकळा आणि एक चिमणी. वर ‘परात शेजारणीकडं गेलीय, अजून आणून दिली न्हाई,’ हेही सांगितलं असतं, शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं.

घरात इतक्या मोजक्या वस्तू असल्या, की त्यांत एकीची भर घालणं हा घराण्याचा प्रश्न होतो. सून करून घ्यायला जेवढी माणसं लागत, त्याहून एखाद-दुसरंच कमी माणूस हंडा घ्यायला जात असेल.

त्यातून माळशिरसची भूगोलानं थोडी थट्टाच केलेली. तालुक्याचं नाव माळशिरस, मामलेदार कचेरी माळशिरसला. पण नाव घेण्यासारखी पेठ नीरेकाठच्या अकलूजला, नाहीतर पश्चिमेला नातेपुत्याला. म्हणजे सरकारकडं अर्ज करायचा तर माळशिरसला यायचं, आणि अर्ज करायला जाताना घालायची टोपी घ्यायला अकलूजला जायचं. गावात सत्ता आणि पेठेत माल, अशी ही वाटणी. त्यामुळं तालुक्याच्या गावचा माणूस खरेदीच्या बाबतीत जरा नमूनच असे.

तसं पाहिलं तर निम्म्या वस्तू विकत घ्यायच्या नसतच. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली निघालं. कोण कुणाचं काय देणं लागतो, कुणाचा कशावर हक्क आहे, हा सगळा पसारा त्यांनी त्यात मांडला आहे. त्या जगात कुंभाराच्या दारात जाऊन ‘मडकं केवढ्याला?’ असं विचारणं म्हणजे परकेपणाची पावती. घागर फुटली की नवी आणायची, आणि सुगीत खळ्यावर त्याच्या हक्काचं बलुतं त्याला घालायचं. सोय उत्तम होती. फक्त कुंभाराला सबंध वर्षाची फूटतूट पाठ असे, आणि तो ती खळ्यावर, चार माणसांत, धान्याचं माप भरत असताना काढी. ‘धाकट्या वैनींच्या हातनं औंदा चार घागरी गेल्या,’ एवढं तो नुसतं म्हणाला तरी धाकट्या वैनी वर्षभर पाणी जपून आणत.

बाकीच्या वस्तू आपल्या पायांनी दारी येत. वडार जाती आणि पाटे घेऊन यायचे. जात्याला नि पाट्याला टाकी लावणाऱ्यांचा आवाज आळीत घुमायचा. घिसाडी गावाबाहेर भाता मांडून विळे, सांडशी, उलथनी करून द्यायचे. कैकाडी तुरकाठ्यांच्या टोपल्या आणि कणगी विणायचे. कल्हईवाला नवसागराचा धूर काढत बसला की पोरांची शाळा तिथंच भरायची, कारण काळं भांडं कथलाच्या एका हातानं चांदीसारखं होताना बघण्यात जे शिक्षण आहे ते पाटीवर मिळत नाही. ही माणसं ठरावीक दिवसांत येत, नि न आली तर घर खोळंबून राही. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली आणि कल्हईवाला आला नाही, की आमटी कळकायची, आणि तिचा दोष स्वयंपाक करणारीच्या माथी बसायचा.

शिवाय वर्षातून एकदा अख्खा बाजारच चालत यायचा. आषाढात माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पंढरपूरला जाते. तिच्या मागंपुढं पालं टाकणारे विक्रेते चालत. वारकरी जाताना काही घेत नाही, ओझं कशाला? घ्यायचं ते परतताना. जाताना सगळं लक्ष विठोबात आणि येताना तांब्याच्या काठात, अशी ही रास्त विभागणी होती. देवाला तिच्यात काही गैर वाटल्याचं ऐकिवात नाही.

पण खरं नाट्य तांब्या-पितळेच्या दुकानातलं. भांडं वजनावर मिळे: धातूचा भाव, वर घडणावळ. शेर ८० तोळ्यांचा, ४० शेरांचा मण. त्या काळचा चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा असे, म्हणजे तो पैसाही होता आणि वजनही. दुकानदाराच्या मापाबद्दल शंका आली तर गिऱ्हाइकानं आपल्या कनवटीचे रुपये दुसऱ्या पारड्यात टाकून पाहावेत. फक्त कनवटीला ८० रुपये हवेत, आणि ज्याच्याकडं ते असत त्याला कुणी फसवायला जात नसे. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पया. हिशेब इतका बारीक चिरलेला असल्यावर घासाघीस लवकर संपेल कशी? आपण आज शंभराच्या नोटेला धक्का न लावता भाव करतो. ती मंडळी एका रुपयात १९२ पायऱ्या उतरू शकत.

हंडा घ्यायला जाण्याचे काही अलिखित नियम होते. हंडा घ्यायचा असेल तर पहिल्यांदा पळीचा भाव विचारायचा. मग झाऱ्याचा. हंड्याकडं बघायचंही नाही. बघितलं तर ‘हे एवढं मोठं कोण घेतंय’ अशा नजरेनं. बरोबर एक वडीलधारी बाई असावी. तिचं काम एकच, नापसंती. ती दुकानात बसल्यापासून नाराज असते.

‘काय वो शेठ, ह्यो हंडा बसका दिसतोय.’

‘आत्याबाई, हंडा बसकाच असावा. चुलीवर डुलत न्हाई.’

‘आन् हितं पोचा हाय की!’

‘पोचा न्हवं, ठोका हाय तो. तांबटाचा हात हाय, मशीन न्हाई.’

‘मग तांबटाला म्हनावं डोळं उघडून ठोकत जा. बरं, शेवटचं बोला.’

‘तुमच्याकडनं काय जास्त घ्यायचं? घरचं मानूस तुमी.’

‘घरचं म्हनताय आन् भाव परक्याचा लावताय!’

या वाक्यानंतर उठायचं. उठून जाणं हा घासाघिशीचा कळस. चप्पल घालायला किती वेळ लावायचा, पायरीवर किती रेंगाळायचं, पाठ किती ताठ ठेवायची, यावर हंड्याची किंमत ठरे. शेठनं चौथ्या पावलाला हाक मारली तर भाव अजून उतरेल. आठव्याला मारली तर हाच शेवटचा. आणि हाक आलीच नाही, तर भावही संपला आणि अब्रूही. अशा वेळी आत्याबाईच कामाला येत. ‘माझी पिशवी ऱ्हायली वाटतं आत,’ असं म्हणून त्या परत शिरत, आणि पिशवी हातातच असताना हंडा घेऊन बाहेर पडत. शेठही पिशवीचा विषय काढत नसे. जिंकलेल्यानं पाळायचे काही नियम असतातच.

एवढी यातायात एका भांड्यासाठी कशाला, असं वाटेल. पण तो हंडा पाण्यासाठी जेवढा होता तेवढाच अडीअडचणीसाठी होता. माळशिरस हा पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस डोंगराच्या पलीकडं पडतो आणि इकडं त्याची बातमी येते. १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९०० असे दुष्काळ या पिढ्यांनी अंगावर काढले होते किंवा आईबापांकडून ऐकले होते. दुष्काळात घरातून पहिल्यांदा बाहेर पडायचं ते तांबं-पितळ. चांगल्या सालात पै-पैनं भाव पाडून घेतलेली घागर वाईट सालात शेठ म्हणेल त्या मोडीच्या भावानं जायची. तेव्हा ‘शेवटचं बोला’ म्हणायची ताकद दुकानाच्या त्या बाजूला गेलेली असे. उठून जायला बाहेर काही हवं ना!

जुन्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेली नावं असतात. एखाद्या घरातल्या घंगाळावर त्या घराशी, आजोळाशी, सासराशी कुठंच न जुळणारं नाव सापडतं. कुणाच्या तरी लेकीच्या लग्नातलं ते घंगाळ कुणाच्या तरी कोरड्या वर्षी दुकानात आलं, आणि कुणीतरी भाव पाडून घरी नेलं. त्या नावावरून बोट फिरवताना आपल्या पणजीच्या चतुराईचं कौतुक करावं की नाही, हे नीटसं ठरत नाही.

सरकारला मात्र भांड्याचं मोल कळलं होतं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं सांगून ठेवलं, की कर्जदारावर हुकूमनामा झाला तरी त्याच्या घरची स्वयंपाकाची भांडी, गरजेचे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या चालीप्रमाणं बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत ते दागिने जप्त करायचे नाहीत. शेतकऱ्याचे बैल आणि बियाणंही नाही. कायद्याच्या पुस्तकात तवा आणि मंगळसूत्र एका कलमात नांदतात, हे मला फार आवडतं. फक्त आंघोळीचं घंगाळ स्वयंपाकाच्या भांड्यात मोडतं का, हा प्रश्न उरतो. बेलीफ ओसरीवर आला असताना कुणी चतुर बाईनं घंगाळात डाळ भिजत घातली असेल, तर मी तिच्या बाजूचा आहे.

या जुन्या बाजाराच्या आठवणी काढताना आपण एक माणूस वगळतो. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणायची, तिला हळदकुंकू वाहायचं, लक्ष्मी म्हणून पाया पडायचं, ही आपली जुनी चाल. ती केरसुणी वळणारा मांग. त्याच्या हातची वस्तू देव्हाऱ्याशेजारी बसायची आणि तो स्वतः उंबऱ्याच्या पलीकडं उभा राहायचा. पेठेतही तसंच. दुकानाच्या फळीवर बसून आत्याबाईंनी हंड्याला नावं ठेवली, पण ज्याला फळीलाच हात लावायची मुभा नव्हती त्यानं भांड्याला टिचकी मारून कशी बघायची? लांबून टाकलेली वस्तू उचलायची आणि सांगितलेले पैसे ठेवायचे. त्याच्यासाठी त्या बाजारात भाव आधीपासूनच एक होता, आणि तो दुकानदाराचा होता.

म्हणून गावात पहिला न्यायी विक्रेता कोण, असं कुणी विचारलं तर मी पोस्टमनचं नाव घेईन. आपल्याकडं टपालानं व्हीपीची सोय १८७७ साली सुरू झाली. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून घड्याळ किंवा औषध मागवावं, पोस्टमननं पुडकं घेऊन दारात उभं राहावं, आणि पुडक्यावर लिहिलेली रक्कम हातावर ठेवल्याशिवाय दोरा सोडू देऊ नये. त्याच्यापुढं आत्याबाईंचा सगळा दारूगोळा फुकट. ‘शेवटचं बोला’ म्हटलं तर तो पुडकं परत पिशवीत टाकतो आणि पुढच्या घरी जातो. चौथ्या पावलालाही थांबत नाही, आठव्यालाही. पाटील असो की पाटलाचा सालगडी, पुडक्यावरचा आकडा तोच. माणसाचं तोंड बघून न बदलणारी किंमत गावानं बहुधा पहिल्यांदा तिथं पाहिली, आणि ती फारशी आवडून घेतली नसावी.

पुढं असे आकडे वाढतच गेले. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी पंढरपूरला पोचली आणि मुंबईचा माल बैलगाडीच्या पल्ल्यात आला. अमेरिकेच्या डिट्झ कंदिलाशेजारी काही वर्षांनी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील लटकू लागला. जर्मनची म्हणून ओळखली जाणारी अल्युमिनियमची हलकी भांडी आली. ती पाहून आत्याबाईंनी ‘ह्याला वाजिवलं तर पत्र्यावानी वाजतंय’ म्हणून नाक मुरडलं असेल, पण त्यांना कल्हई लागत नाही हे सुनेनं मनात टिपून ठेवलं असेल. मग नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, आणि १९३२ साली सासवडच्या माळी मंडळींनी माळीनगरला साखर कारखाना उभा केला. मुंबई सरकारचा वजनमापांचा कायदाही त्याच सालचा. म्हणजे हातात पैसा खुळखुळायला आणि शेर बरोबर शेराचा व्हायला एकच मुहूर्त लागला, निदान कागदावर. घेताना एक शेर आणि देताना दुसरा, ही सोय काही एका कायद्यानं सुटणारी नव्हती.

आता त्याच रस्त्यावर काचेची दुकानं आहेत. हंड्याला चिकटवलेली किंमत मशीन वाचतं, मुलगा ‘पिशवी पाहिजे का?’ एवढंच विचारतो, आणि आपण पाच मिनिटांत बाहेर. तुमचा बसकेपणा नाही, आमचा ठोका नाही, घरचं माणूस नाही नि परकंही नाही. माझ्यासारख्याला हे अळणी वाटतं. पण ज्याच्या आजोबांकडं वस्तू लांबून टाकली जायची, त्याला त्या मुलाचा कोरडा चेहरा किती गोड वाटत असेल, याचा अंदाज मी कुठल्या शेरानं करू? ज्या बाजारात माणूस ओळखून भाव होत असे तिथं ओळखीचा फायदा झाला तो आमच्यासारख्यांना, आणि म्हणूनच त्या बाजाराच्या आठवणी लिहायला बसतात तेही आमच्यासारखेच.

खरं सांगायचं तर जुना काळ विकणारे आम्ही लोक आंबेवाल्यासारखे असतो; पिकलेले, रंगाला आलेले वर मांडतो आणि डागी गवतात लपवतो. आत्याबाई, पोस्टमन आणि घंगाळातली डाळ मी वर मांडली आहे. गवतात हात घालून बघायचा हक्क गिऱ्हाइकाचा. तो बजावा, खुशाल नावं ठेवा, पाठ ताठ ठेवून पायरी उतरा. हाक मी मारीनच. भाव मात्र पडायचा नाही. तो मी पुडक्यावर लिहून टाकलाय.