तेराशे तोळ्यांची सायकल आणि एक छोटा हत्ती

खानदेशात डोंगर आहेत, पण ते नकाशाच्या कडेला. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधे तापीखोऱ्यातली सपाट काळी जमीन. त्यामुळे जळगावात कोणी माउंटन बाइक घेतली की तिच्या वाट्याला येणारा पहिला माउंटन म्हणजे शिवाजीनगरचा उड्डाणपूल. रोज सकाळी तो सर करायचा, मेहरूण तलावाला फेऱ्या मारायच्या आणि मग पोहे खायचे. एकवीस गिअरांपैकी वीस वर्षभर कोरे राहतात. धुळेकरांचं त्या मानाने बरं आहे. त्यांना आग्रा रोडलगत लळिंगचा किल्ला आहे, आणि जळगावकरांशी बोलताना दर दोन वाक्यांआड ते त्याची आठवण करून देतात.

1906 साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. दोन्हीकडच्या सायकलवाल्यांनी श्रावणात एकत्र राइड काढायची ठरवल्यावर ही वाटणी पुन्हा उकरली गेली. जळगावकर म्हणाले, सातपुड्यात पालला जाऊ. धुळेकर म्हणाले, लळिंग काय वाईट आहे? शेवटी चाळीसगाव ठरलं. मुंबई-भुसावळ लोहमार्ग तिथून जातो आणि धुळ्याचा फाटाही तिथेच फुटतो. म्हणजे ते दोघांनाही सारखंच गैरसोयीचं. एकमत व्हायला एवढं पुरलं. चाळीसगावहून अठराएक किलोमीटरवर, गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात, पाटणादेवी. जायला हिरवा रस्ता, मधे शिवारातली पायवाट, शेवटी जंगल. आणि परतल्यावर शेवभाजी. हा शेवटचा मुद्दा ठरावात सर्वात आधी लिहिला गेला होता.

रविवारी सकाळी चाळीसगाव स्टेशनाबाहेर अठरा सायकली उभ्या राहिल्या. जवळच केकी मूस यांचं घर आहे. हा थोर छायाचित्रकार एखाद-दुसरा अपवाद सोडला तर जवळपास पन्नास वर्षं घराबाहेर पडला नाही. टेबलावरच देखावे रचून त्यांचे फोटो काढायचा आणि त्यावर देशोदेशीची बक्षिसं मिळवायचा. आमच्या ग्रुपच्या ॲडमिनना ही माहिती दिली, तेव्हा ते हेल्मेटवर कॅमेरा बसवत होते. ते म्हणाले, "कमाल आहे भो. घरी बसून?" त्या सुरात आदर किती आणि हेवा किती, हे पुढे चढ लागल्यावर कळलं.

आमच्यात जळगावचे एक सराफ होते. जळगावच्या माणसाला सोनं कळतं हे खरं, पण या गृहस्थांना सोन्याशिवाय दुसरं काही कळत नव्हतं. धुळ्याच्या डॉक्टरांची सायकल त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, डोळे मिटून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तेरा किलो. म्हणजे तेराशे तोळे. तोळ्याला कशी पडली?" डॉक्टरांनी मनातल्या मनात भागाकार केला. भाव ऐकून सराफ हळहळले. "मोडीत काय येईल याचं?"

तिसरी महत्त्वाची व्यक्ती म्हणजे गणिताचे निवृत्त गुरुजी. त्यांची सायकल बिनगिअरची, घंटीवाली. चौथे अप्पा. अप्पा सायकल चालवत नव्हते. ते मागून छोटा हत्ती चालवत होते. त्यात पंप, ट्यूबा, पाण्याचे जार, रावेरच्या केळ्यांचे घड आणि चार माणसं बसतील एवढी मोकळी जागा. ही जागा कशासाठी, असं कोणी विचारलं नाही. निघताना प्रत्येकाने तिच्यावर एकदा नजर मात्र टाकली.

पहिले काही मैल झोकात गेले. कपाशी गुडघ्याएवढी, आभाळ खाली आलेलं, समोर डोंगराची निळी भिंत. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे थेट तोंडावर. ॲडमिन दर अर्ध्या किलोमीटरला सगळ्यांना थांबवून फोटो काढत. पहिल्या तीन थांब्यांना लोक कुरकुरले, चौथ्यापासून स्वतःच विचारू लागले, "इथे नाही का काढायचा फोटो?"

मग आम्ही डांबरी सोडून शिवारात शिरलो. माउंटन बाइकच्या जाहिरातीत चिखलातून उसळणारी सायकल दाखवतात. तो चिखल खानदेशातला नसतो. आपली माती बेसाल्ट झिजून झालेली; पाणी प्यायली की फुगते, आणि एकदा चिकटली की सोयरीक जुळल्यासारखी सोडत नाही. कपाशीला हीच माती लागते, कारण ती ओल धरून ठेवते. इथे तिने सायकली धरून ठेवल्या. दातेरी टायरांचे दात शंभर पावलांत बुजले, मग फोर्क आणि टायर यांच्यामधली फट भरली आणि चाकं फिरायची थांबली. शेवटी अठरा माणसं अठरा सायकली खांद्यावर घेऊन बांधावरून चालू लागली. सराफांनी चालता चालता डॉक्टरांची सायकल पुन्हा जोखली. "सोळाशे तोळे झाली," ते म्हणाले. "तीनशे तोळे निव्वळ घट."

बांधावर एक शेतकरी आजोबा उभे होते. त्यांनी ही मिरवणूक शांतपणे पाहिली आणि डॉक्टरांना विचारलं, "गाडीनं पेट्रोल सरनं का भो?"

"पेट्रोल लागत नाही बाबा. सायकल आहे."

"मंग खांदावर का?"

डॉक्टरांनी माती दाखवली. आजोबांनी सायकलची किंमत विचारली, ऐकली आणि थोडा वेळ कपाशीकडे बघत राहिले. "इतला पैसा दिसन सायकलच लिधी?" मग दया येऊन त्यांनी विळ्याने टायर खरवडून दिले.

अभयारण्याच्या चौकीवर नोंद करायची होती. वनरक्षक बुवा शिस्तीचे. त्यांनी माणसं मोजली, सायकली मोजल्या, आणि मागून आलेल्या वाहनाकडे पाहून विचारलं, "हे काय?" अप्पांनी प्रामाणिक उत्तर दिलं. वहीत नोंद झाली: सायकल 18, छोटा हत्ती 1. गौताळ्यात बिबटे आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. हत्तीची नोंद वाचून पुढे एखाद्या अभ्यासकाची झोप उडाली तर त्याचं मूळ इथे आहे.

पाटणादेवीचं खोरं पाहिल्यावर मात्र माणूस बोलायचं थांबतो. तिन्ही बाजूंनी डोंगराचे उभे कडे, त्यांवरून सुटलेल्या पांढऱ्या धारा, खाली खळाळणारी डोंगरी नदी आणि झाडीत काळ्या दगडाचं चंडिकेचं देऊळ. वर पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. "तिथवर चढून जायचं का?" असं एका तरुणाने विचारलं. त्याला केळं देण्यात आलं.

केळी खाता खाता गुरुजी सुरू झाले. याच पाटण गावात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. हे सांगणारा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला. खुद्द भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा. विज्जलविड हे त्यांचं गाव, आणि ते इथेच, यावर चाळीसगावकर ठाम आहेत. इथपर्यंत अर्धे लोक पाय दाबत होते. मग गुरुजी म्हणाले, "1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्यात आपोआप फिरणारं चाक सांगितलंय."

सतरा माणसं सावरून बसली.

"हलक्या लाकडाचं चाक. आरे आतून पोकळ, एका बाजूला थोडे कललेले. प्रत्येकात निम्म्यापर्यंत पारा भरायचा, तोंड बंद करायचं आणि चाक आसावर ठेवायचं. पारा एकीकडे धावतो, दुसरीकडे सरतो आणि चाक फिरत राहतं."

"पॅडल न मारता?" डॉक्टर.

"न मारता."

"पारा किती लागेल?" सराफ.

"चढावर चालेल का?" हे तिघांनी एकदम विचारलं.

गुरुजींना सत्य सांगावंच लागलं. असं चाक फिरत राहू शकत नाही. बाहेरून ऊर्जा दिल्याशिवाय यंत्र कायम चालत नाही, हे पुढे पदार्थविज्ञानाने पक्कं केलं. पण तोवर युरोपातल्या कितीतरी हुशार माणसांनी अशाच चाकांपायी आयुष्यं घातली. सगळे खट्टू झाले. एवढा मोठा गणिती, पण त्यालाही पॅडल मारायचा कंटाळा असावा, या विचाराने मात्र भास्कराचार्य आम्हाला एकदम घरचे वाटले. टेम्पोला टेकून ऐकणारे अप्पा म्हणाले, "गुरुजी, पाऱ्याचं राहू द्या. चार जणांची जागा आहे."

चार जण तत्काळ बसले. बाकीच्यांनी तत्त्वाखातर सायकली काढल्या, आणि चमत्कार झाला. परतीला उतार होता आणि नैर्ऋत्येचा वारा आता पाठीवर. पाय स्थिर, चाकं फिरतायत. "गुरुजी, फिरतंय की आपोआप!" डॉक्टर ओरडले. "याला वारा म्हणतात," गुरुजींनी घंटी वाजवत उत्तर दिलं, "मार्क मिळणार नाहीत."

चाळीसगावात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी आली. धुळ्याचा रस्सा झणझणीत की जळगावचा, यावर 1906 पुन्हा एकदा घडलं. ते मिटलं ते ॲडमिननी मोबाइलवर निकाल वाचायला घेतल्यावर. दिवसातला सर्वात जास्त वेग सराफांचा होता, ताशी बावन्न किलोमीटर. ते परतीला टेम्पोत होते आणि खिशातलं ॲप त्यांनी बंद केलेलं नव्हतं. खुलासा करायला ते तोंड उघडणार, तोच टाळ्या पडल्या.

दोन दिवसांत जळगावात फ्लेक्स लागला. सराफांचा गॉगल घातलेला फोटो, मागे हिमालय, खाली समस्त मित्रपरिवार. पुढची राइड तोरणमाळची, हजार मीटरहून उंच, घाटाची. तिचं नेतृत्व करावं म्हणून धुळेकर स्वतः त्यांच्या पेढीवर विनंती करायला आले. सराफांनी ती स्वीकारली. अट एकच: अप्पा पाहिजेत, आणि पुढची सीट आधीपासून राखून.