पाऊण किलोवॉटचे नाना

डोंबिवली असो की कोथरूड, सोसायटी तिथे एक नियमनाना असतातच. नोकरीतून निवृत्त झालेले, कमिटीवर बिनविरोध आलेले (दुसरं कुणी अर्जच भरत नाही), काखेत प्लास्टिकच्या पिशवीतले उपविधी. त्यांचं लाडकं वाक्य एकच, ‘ही निवासी इमारत आहे.’ यापुढे ते वाचत नाहीत आणि दुसऱ्याला वाचू देत नाहीत.

नानांचं नाक हेच त्यांचं दक्षता पथक. लिफ्टचं दार उघडलं की भाजणीचा वास कितव्या मजल्यावरून येतोय ते सांगतात. ‘फॉल-पिको करून मिळेल’ अशी वहीच्या कागदावरची पाटी दिसली की नोटीस. कुठे शिकवणी सुरू झाली की जिन्यातल्या चपला मोजायच्या. तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या दारात चपलांचा ढीग असला, तरी तो ओलांडून ‘नमस्कार डॉक्टरसाहेब!’ कापडाला टाके घातले तर धंदा, माणसाला घातले तर सेवा, असा नानांचा न्याय.

नियमावली मात्र नानांपेक्षा पुष्कळ मोकळ्या मनाची निघाली. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत निवासी भागात डॉक्टरांच्या दवाखान्याला मुभा आहे, तशीच घरगुती पारंपरिक उद्योगांनाही आहे. शिवणकाम, भरतकाम, बटणं करणं ही तर नावानिशी दिलीत, पुढे ‘इत्यादी’ही आहे. अट एवढीच की काम घरच्या माणसांनी करायचं, पगारी कामगार ठेवायचा नाही आणि यंत्र चालवलंच तर विजेचा एकूण भार 0.75 किलोवॉटच्या वर न्यायचा नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या फराळवाल्या काकूंनी हे भर सभेत वाचून दाखवलं. नाना क्षणभर गप्प झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या स्वयंपाकघरात तपासणीला हजर! अन्नपदार्थ विकायला लागणारी एफएसएसएआयची नोंदणी फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेली होती, तेव्हा तिथे काही जमेना. मग नानांनी मिक्सर उलटा केला. बुडाला वाळलेलं पीठ नखाने खरवडलं, चष्मा कपाळावर सारला आणि वाचलं. 750 वॉट. बरोब्बर वेशीवर! नानांचा चेहरा पडला.

“आणि त्याच वेळी कणीक मळायचं यंत्र लावलंत तर?”

“तेव्हा मिक्सर बंद ठेवते हो.”

“हा लसूण कुणी सोलला? बाई ठेवलीय?”

“आमच्या ह्यांनी.” सोफ्यावरच्या ह्यांनी निमूटपणे बोटांचा वास दिला.

“पगार?”

“पगार कसला? दुपारचा चहासुद्धा स्वतःच करून घेतात.”

नाना निघाले ते चकलीचा पुडा घेऊनच. पैसे काढायला खिशात हात घातला आणि थबकले. “पैसे दिले की व्यवहार झाला, व्यवहार झाला की धंदा सिद्ध झाला. नको, उगीच तुम्ही अडचणीत याल.” तेव्हापासून दर दिवाळीला काकूंना अडचणीत न आणण्याचं काम नाना निष्ठेने करतात.

तुमच्या सोसायटीतल्या नानांशी वाद घालू नका. नियमावली त्यांच्याच हातात द्या आणि ‘निवासी’च्या पुढचं मोठ्याने वाचायला सांगा. चष्मा घरी राहिला म्हणतील. तुमचा द्या.