उज्ज्वल यशाची परंपरा कायम

निकाल लागले की जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर एक बातमी हमखास येते. अमुक महाविद्यालयाने उज्ज्वल यशाची परंपरा याही वर्षी कायम राखली असून बी.ए. तृतीय वर्षाच्या अमुक विद्यार्थिनीने घवघवीत यश संपादन केले आहे. विद्यार्थिनी इथे संपते. खरी बातमी त्यानंतर, ‘तिच्या या यशाबद्दल’ या शब्दांपासून सुरू होते. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष, सर्व संचालक, प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख, कार्यालयीन अधीक्षक, प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी, मित्रमंडळ आणि समस्त गावकऱ्यांनी अभिनंदन केले. तिचे सर्वत्र कौतुक होत आहे. हे सर्वत्र म्हणजे नेमके कुठे, असा प्रश्न पडायला नको म्हणून यादी आधीच दिलेली असते. मुलीला कोणत्या विषयात किती गुण मिळाले, ती पुढे शिकणार की नाही, एवढे मात्र जागेअभावी राहून जाते. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा नागनाथ यांपैकी कोणत्याही तालुक्याची बातमी घ्या, गावाचे आणि मुलीचे नाव बदलले की ती तशीच्या तशी दुसऱ्या तालुक्यात चालते. यावरून आमचा एक सिद्धान्त तयार झाला आहे: आपल्याकडे पदवी विद्यार्थ्याला मिळते आणि समारंभ व्यासपीठाला मिळतो.

सिद्धान्त म्हटला की पुरावा द्यावा लागतो, आणि पहिला पुरावा छापील आहे. कोणत्याही पदवी वितरण समारंभाची निमंत्रणपत्रिका उघडा. शुभहस्ते, अध्यक्षस्थानी, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती आणि विनीत, अशा उतरत्या भाजणीत नावे लागलेली असतात. ही उतरंड रचताना संस्थेत जितका खल होतो, तितका अभ्यासक्रम ठरवताना अभ्यास मंडळातही होत नसावा. माजी आमदार आधी की आजी जिल्हा परिषद सदस्य आधी, हा प्रश्न पदव्युत्तर स्तराचा आहे. पदवी घेणाऱ्याचा उल्लेख सगळ्यात खाली येतो, तोही अनेकवचनी: ‘विद्यार्थी व पालकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.’ म्हणजे ज्याचे लग्न, त्यालाच वऱ्हाडात यायचे आमंत्रण. समारंभाचा क्रमही याला धरूनच असतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह, प्रास्ताविक, परिचय, मनोगत, मार्गदर्शन, अध्यक्षीय समारोप. यात व्यासपीठावरच्या प्रत्येकाला शाल मिळते. तीन वर्षे एसटीच्या पासावर ये-जा केलेल्या मुलाला एक फाइल मिळते, ‘इकडे बघा’ एवढे मार्गदर्शन मिळते आणि छायाचित्रात साहेबांच्या कोपरामागे जागा मिळते. कित्येक ठिकाणी त्या फाइलमध्ये पदवीही नसते. ती ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि कार्यालय यांची ‘नो ड्यूज’ची सही आणल्यावर खिडकीतून घ्यायची असते.

पोशाखाचे प्रकरण थोडक्यात आटोपू. मराठवाड्याच्या उन्हात काळा झगा घालून बसणे ही स्वतंत्र परीक्षाच आहे. केंद्रीय मंत्री असताना जयराम रमेश यांनी २०१० च्या एप्रिलमध्ये भोपाळच्या एका दीक्षांत समारंभात झगा भर मंचावर उतरवला, तेव्हा त्यावर देशभर चर्चा झाली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने हातमागाच्या कापडाची शिफारस केली. पुण्यात २०१९ साली पगडी पुणेरी की फुले, यावरून वाद पेटला. आपल्या उच्च शिक्षणातला हा बहुधा एकमेव वाद असावा, ज्यात सगळ्या बाजूंनी मनापासून अभ्यास केला होता.

दुसरा पुरावा समारंभात जे सांगितले जात नाही, त्याचा आहे. अहवालवाचनात कोणी पदक मिळवले, कोण विद्यापीठाच्या युवक महोत्सवात चमकले, कोण पोलीस झाले, हे सांगतात. ते सांगितलेच पाहिजे. पण तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या पटावर किती जण होते आणि त्यांतले किती आज मांडवात बसले आहेत, हे कोणी सांगत नाही. आकडा नसतो म्हणून नव्हे. दरवर्षी अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणासाठी पटसंख्या आणि उत्तीर्णांची संख्या भरून द्यावी लागते. बंगळुरूच्या ‘नॅक’ला मूल्यांकनासाठी जो अहवाल जातो, त्याच्या पाचव्या निकषात विद्यार्थी पुढे कुठे गेले, किती नोकरीला लागले, किती वरच्या वर्गात गेले, हीच माहिती मागितलेली असते. (नॅक १९९४ मधली आणि आपले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही १९९४ मधले, त्यामुळे दोघांना परस्परांची सवय झाली आहे.) म्हणजे वसमतच्या मुलांचे काय झाले, हे बंगळुरूला कळते आणि दिल्लीला कळते. ज्यांनी फी भरली, त्या वसमतच्या पालकांपुढे तेवढे वाचायचे राहून जाते.

हिंगोली जिल्ह्याच्या यशाचा असाच एक आकडा सरकारदफ्तरी आहे, त्याचा फ्लेक्स मात्र कुठे लागल्याचे दिसत नाही. अकराव्या पंचवार्षिक योजनेत केंद्राने देशातले ३७४ जिल्हे निवडले, जिथे महाविद्यालयात जाणाऱ्या तरुणांचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून कमी होते. महाराष्ट्रातून गडचिरोली, जालना, बुलढाणा यांच्या पंगतीत हिंगोलीला मान मिळाला. या जिल्ह्यांत आदर्श पदवी महाविद्यालये काढायची, अशी ती योजना होती. त्यातूनच हिंगोलीला विद्यापीठाचे न्यू मॉडेल डिग्री कॉलेज मिळाले. मागे राहिल्याबद्दल मिळालेली ही देणगी आपण पुढे गेल्याच्या थाटात स्वीकारली. दरम्यान औंढ्याजवळच्या दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारा लायगो प्रकल्प येतो आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचे हे यंत्र प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक टिपू शकेल, आणि तोही अब्जावधी वर्षांपूर्वीच्या कृष्णविवरांच्या टकरीचा. त्याच तालुक्यातून शहरात शिकायला आलेल्या दहा मुलांपैकी किती गळाली, हे टिपायला हजेरीपट पुरतो. त्याला कोटी लागत नाहीत, म्हणूनच बहुधा तो प्रकल्प मंजुरीला जात नाही.

गळणारे कोण, हेही गूढ नाही. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार हिंगोली जिल्ह्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या एक तृतीयांशाहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. महाविद्यालयाचे दार पाहण्याआधीच ही रांग दुसऱ्या मांडवात गेली. हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले पटावर राहतात आणि वर्गातून जातात. पटावर राहणे तसे महत्त्वाचे असते. प्राध्यापकांची पदे कार्यभारावर ठरतात, कार्यभार तुकडीवर आणि तुकडी प्रवेशावर. त्यामुळे जूनमध्ये प्राध्यापक मंडळी गावोगाव फिरून मुले गोळा करतात, ही त्यांची हौस नव्हे, नोकरीची गरज आहे. प्रवेशाला इतकी किंमत आणि बाहेर पडण्याला काहीच नाही, अशा व्यवस्थेत बाहेर पडणाऱ्यांचा हिशेब ठेवायचा तरी कोणी?

जे टिकून पदवी घेतात, त्यांच्याबद्दलही बोलू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती, आणि लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. अर्थ इतकाच की निरक्षराला रिकामे बसणे परवडत नाही, आणि पदवीधराच्या बापाने आणखी दोन वर्षे जमीन गहाण ठेवायची तयारी दाखवलेली असते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या वर्गाला शुल्क एक हजार रुपये होते. त्याहून गमतीची गोष्ट सर्वोच्च गुणवत्तेची आहे. मुलगा एम.ए. होतो, नेट होतो, सेट होतो. त्याचा त्याच महाविद्यालयात सत्कार होतो आणि तो तिथेच तासिका तत्त्वावर शिकवू लागतो. मानधन काही महिन्यांनी येते. पुढच्या वर्षी तो व्यासपीठामागे उभा राहून नव्या गुणवंतांच्या शाली मोजून देतो. उज्ज्वल यशाची परंपरा कायम राहते ती अशी.

यावर आक्षेप येणारच. पहिला असा, की शेतमजुराच्या घरातली पहिली पदवीधर मुलगी व्यासपीठावर जाते, तिची आई ठेवणीतले लुगडे नेसून येते, तिच्या डोळ्यांत पाणी येते, आणि तुम्ही शालींचा हिशेब मांडता? आक्षेप शंभर टक्के खरा आहे. त्या मांडवात निर्विवाद खरी असलेली गोष्ट तीच एक. मग पुढच्या दोन रांगांतले सोफे कोणासाठी राखीव असतात, आणि ती आई पाण्याच्या जारपाशी का बसलेली असते? पदवी तिच्या हातून द्या. खर्च काहीच वाढत नाही, एका पाहुण्याचे मार्गदर्शन मात्र कमी होईल. ते नुकसान सोसण्याची विद्यार्थ्यांची तयारी असावी.

दुसरा आक्षेप संस्थाचालकांचा. आम्ही माळरानावर कॉलेज काढले नसते तर ही पोरे शिकली असती का? याचेही उत्तर नम्रपणेच द्यायला हवे, कारण त्यात तथ्य आहे. निजामाच्या काळात इथल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, औरंगाबादला डॉ. आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय निघाले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले, तेव्हा कुठे वाट झाली. पीपल्स कॉलेज उभारणारे स्वामी रामानंद तीर्थ १९७२ मध्ये गेले आणि त्यानंतर बावीस वर्षांनी नांदेडच्या नव्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. वसमतचे महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे, ते बहिर्जी शिंदे हैदराबाद मुक्तिसंग्रामात हुतात्मा झाले. पदवीच्या कागदावर आणि कमानीवर नाव लागायचा हा जुना मार्ग थोडा लांबचा होता. फ्लेक्सचा मार्ग जवळचा पडतो, आणि महिनाभरात वाऱ्याने फाटतो.

तिसरा आक्षेप ताजा आहे: नव्या शैक्षणिक धोरणात आता गळती उरणारच नाही. ठरलेले श्रेयांक पुरे करून एक वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका. कल्पना वाईट नाही. पैशाअभावी थांबलेल्या मुलाला हातात काही कागद मिळेल आणि परत यायची सोय राहील, तर चांगलेच. भीती एवढीच, की परत किती आले हे कोणी मोजणार नाही आणि निरोपाचे समारंभ मात्र तिप्पट होतील.

राहता राहिला बदनामीचा मुद्दा. पटावरचा आणि मांडवातला आकडा शेजारी शेजारी वाचला तर कॉलेजचे नाव जाईल, पुढच्या जूनमध्ये प्रवेश होणार नाहीत, असे म्हणतात. याच जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव संतमेळ्यात बसले असताना गोरा कुंभारांनी सगळ्यांदेखत त्यांना कच्चे मडके ठरवले, अशी कथा आहे. निकाल भर सभेत लागला, पुनर्मूल्यांकनाची सोय नव्हती. नामदेव रुसले, पण शेवटी औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि शिकून परतले. नर्सीची त्यामुळे बदनामी झाल्याचे ऐकिवात नाही. त्या सभेत जर शाल-श्रीफळ देऊन ‘सर्वत्र कौतुक होत आहे’ म्हटले असते, तर औंढ्याला जायचे कारणच उरले नसते.

तेव्हा वाचकहो, समारंभाची पत्रिका आली तर जरूर जा. टाळ्या वाजवा, पेढा खा. प्रास्ताविक संपले की मात्र उभे राहून विचारा: या तुकडीत पहिल्या वर्षाला किती होते, आज किती आहेत, आणि मागच्या वर्षी ज्यांचा सत्कार केला ते सध्या काय करतात? आकडे प्राचार्यांच्या कपाटात, नॅकच्या फाइलमध्ये आहेत. किल्ली शोधायला वेळ लागला तर तेवढ्यात अध्यक्षीय समारोप उरकून घेता येईल.