बाराने भागणारा माणूस
पिंपळे सौदागरात सॉफ्टवेअरवाले पायलीला पन्नास. पण माणूस दिसला की त्याला बाराने भागणारे एकटे आमचे भागाकारभाऊच.

ते नाव विचारत नाहीत, जन्मसाल विचारतात. सालाला बाराने भागायचं. बाकी शून्य तर माकड, एक कोंबडा, दोन कुत्रा, तीन डुक्कर, चार उंदीर. अख्खं चिनी राशीचक्र त्यांनी जगताप डेअरीच्या सिग्नलला उभ्या उभ्या कोडात बसवलं. (त्या सिग्नलला बाराच प्राणी कसे पुरले, कोण जाणे.)

कुणाल आयकॉन रोडवरच्या भाजीवाल्या मावशींना साल ठाऊक नव्हतं. "भात्तरच्या दुष्काळातली हाय मी." भाऊ उजळले. "बाकी चार. उंदीर!"

"आसंल बाबा. खायाला काय व्हतं तवा!"

सोसायटीचे सेक्रेटरी १९७१चे. भर सभेत "साहेब, तुम्ही डुक्कर" ऐकून चहा त्यांच्या नाकात गेला. रात्री अकराला भाऊ त्यांच्या दारात हजर. चूक सापडली होती. चिनी वर्ष १ जानेवारीला लागत नाही. २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान जी अमावास्या पडते, तेव्हा लागतं. साहेबांचा जन्म ५ जानेवारीचा, म्हणजे साल आदलं धरायचं. "अभिनंदन साहेब, तुम्ही कुत्रा निघालात!"

मग वहिनींनीच फर्मावलं, "चिन्यांचं पुरे झालं, आपलं काहीतरी करा." आपला फेरा साठ संवत्सरांचा. शकात बारा मिळवायचे, साठाने भागायचं, बाकी येईल त्या क्रमांकाचं संवत्सर. २०२५चा पाडवा, शके १९४७, बाकी ३९, म्हणजे विश्वावसु. पण संगणक यादी शून्यापासून मोजतो आणि पंचांग एकापासून, हे नेमकं भाऊ विसरले. पहाटे पाचला ग्रुपवर मेसेज पडला: "सर्वांना पराभव संवत्सराच्या हार्दिक शुभेच्छा!"

पुढच्याच रविवारी कमिटीची निवडणूक होती. सेक्रेटरींनी तो टोमणा स्वतःवर घेतला, विरोधी पॅनेलनंही स्वतःवर घेतला, आणि जन्मात पहिल्यांदा एकमत होऊन दोघांनी भाऊंना ग्रुपमधून काढलं.

२०२६च्या पाडव्याला पराभव संवत्सर खरोखरच लागलं. भाऊंनी कोड तपासलं, पंचांगाशी ताडून पाहिलं आणि ग्रुप नाही म्हणून लिफ्टमध्ये शुभेच्छांचा कागद चिकटवला. तासाभरात कुणीतरी खाली पेनाने लिहून ठेवलं: "मागच्याच वर्षी मिळाल्या."